काकू माझ्याशी भांडायच्या तेव्हा

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो, आणि जुना म्हणजे खरोखरच जुना. तुमच्या घरी भिंतीला चिकटलेला सडपातळ टीव्ही असतो ना, त्याचा मी आजोबा लागतो. माझं पोट मागे सुटलेलं आहे, मला उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात आणि माझं बटण दाबलं की खट्ट असा आवाज होतो. सध्या मी एका स्वयंपाकघरात, डब्यांच्या वरच्या फळीवर बसलेला असतो. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक लांबलचक पट्टा सरकत असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असत. कोणी माझ्यात तारा जोडल्या, कोणी ती जड काच बसवली, कोणी पाठीला झाकण लावून स्क्रू पिळले. शेवटी माझ्यावर रंगीत पट्टे दाखवून माझी परीक्षा झाली. परीक्षा घेणारा माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "ह्याच्यावर माणसांचे चेहरे छान दिसतील." मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा झालेलं कौतुक कोणी विसरत नाही. मी ठरवलं की तारेतून जे येईल ते जसंच्या तसं दाखवायचं, जसंच्या तसं ऐकवायचं, आपलं काही मधे घालायचं नाही. मला याचा मोठा अभिमान होता. पुढे याच गोष्टीचा मला किती त्रास होणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मला विकत घेतलं घड्याळकाकांनी. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला नुसतंच काकू. एका डोळ्याला भिंग लावून काका दिवसभर दुकानात वाकून बसायचे. त्यांच्या हाताला कंप नव्हता आणि बोलण्यात खोट नव्हती. घड्याळ सुधारण्यासारखं नसेल तर ते गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, "ह्यात आता जीव नाही, उगाच खर्च करू नका." वेळेवर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता.

पहिली कितीतरी वर्षं मी पुढच्या खोलीत मानाने बसलो. काका-काकूंची एकुलती एक लेक माझ्या इतकी जवळ बसायची की तिच्या श्वासाने माझी काच धुरकट व्हायची. मग लेक मोठी झाली, दुसऱ्या शहरात पोस्टात नोकरीला लागली आणि तिने घरी एक नवा, पातळ टीव्ही आणला. मला भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. मी मनातून पार खचलो होतो. तेव्हा काकू भाजी ढवळता ढवळता आतूनच ओरडल्या, "भंगारात कशाला घालता? इकडे आणून ठेवा. दुपारचं मला कोणीतरी बोलायला होईल."

अशी माझी स्वयंपाकघरात बदली झाली. सुरुवातीला मला फार अपमान वाटला. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, तेही पिठाच्या डब्यांच्या शेजारी! माझ्या अंगावर फोडणीचे शिंतोडे उडायचे, वाफेने काच ओली व्हायची. पण मित्रांनो, खरं सांगू? माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं मी त्याच फळीवर काढली.

दुपारी जेवणं आटोपली की स्वयंपाकाचा एक कार्यक्रम लागायचा. तो करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई कायम नीटनेटक्या असत. त्यांचे कांदे आधीच चिरून वाटीत ठेवलेले, त्यांची कढई चकचकीत, त्यांच्या कपड्यांवर कधी एक डाग नाही. पदार्थ झाला की त्या चमचाभर तोंडात घालून म्हणायच्या, "अप्रतिम!" हा कार्यक्रम लागला की काकू कडधान्य निवडायला किंवा शेंगा सोलायला घेऊन माझ्यासमोर स्टुलावर बसायच्या, आणि ताईंशी भांडायला सुरुवात करायच्या.

"अगं बाई, आच कमी कर. करपतंय ते!"

"आत्ता मीठ? पाणी सुटेल ना त्याला. मग बसशील आटवत."

"डोळे कशाला मिटतेस? अजून गिळलंसुद्धा नाहीस तू."

मी हसू शकलो असतो तर खदाखदा हसलो असतो. काकूंनी ताईंचा एकही पदार्थ कधी करून पाहिला नाही. त्या बघायच्या ते फक्त चुका काढायला. पण चूक काढली की तिथेच थांबायच्या नाहीत, असं का करायचं आणि तसं का नाही करायचं, ते सगळं माझ्या काचेकडे बघून नीट समजावून सांगायच्या. बटाटा गरम असतानाच कुस्करावा, गार झाला की चिकट होतो. अंड्याला घाई केली की ते रुसतं. भोपळा सालीसकट वाफवावा, साल मागून काढावी, चव आतच राहते. त्यांच्या आईचं, आत्याचं, सासूबाईंचं सगळं शहाणपण त्या मला सांगत होत्या. मी कोण? मी तर एक काच. पण त्यांचं ऐकणारा त्या घरात मीच होतो.

कारण काका कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नसत. काकूच येऊ देत नसत म्हणा ना. "तुमच्या हाताला मशिनच्या तेलाचा वास येतो, तिकडेच बसा," असं म्हणून त्या ताट बाहेर नेऊन द्यायच्या. काका वर्तमानपत्रात डोकं घालून जेवायचे आणि ताट रिकामं झालं की म्हणायचे, "छान झालंय." रोज तेच. एकदा काकू माझी काच पुसता पुसता म्हणाल्या, "छान झालंय म्हणतात. कसं केलंस म्हणून एकदा विचारलं तर सांगेन ना मी." त्या रागावल्या नव्हत्या, मला वाटतं थोड्या कष्टी झाल्या होत्या. लेक सुट्टीला यायची तेव्हाही आईच्या हातचं पोटभर खायची, डबा भरून न्यायची, पण विचारायची तीही नाही. आई आहे म्हणजे असणारच, असं प्रत्येकाला वाटत असतं.

मग एका सकाळी काकू ओट्यापाशी उभ्या असताना एकदम खाली कोसळल्या. गॅसवरचं दूध उतू गेलं, आटलं, करपल्याचा वास दुकानापर्यंत गेला असणार, कारण काका तो उंबरा ओलांडून धावत आत आले. पहिल्यांदा आले ते असे.

काकू दवाखान्यातून परतल्या तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती आणि गिळणंही अधू झालं होतं. काही सांगायचं असलं की तोंडातून नुसता आवाज निघायचा, शब्द नाही. काकांनी त्यांच्या डाव्या हातात पाटी-पेन्सिल देऊन पाहिली, पण नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या आणि काकूंनी पाटी ढकलून दिली. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. बाहेर मात्र काही येत नव्हतं. मित्रांनो, त्या दिवसापासून आम्ही दोघं सारखेच झालो.

त्यांची खाट स्वयंपाकघराच्या दारासमोर लावली. तिथून त्यांना ओटाही दिसायचा आणि मीही दिसायचो. लेक रजा काढून आली. ती पाणी घालून घोटलेला मऊ भात आणि कुस्करलेला बटाटा भरवायची. काकू थोडं थोडं खायच्या. पण रजा संपली, लेकीला जावं लागलं, आणि जाताना ती काकांना म्हणाली, "बाबा, भात नि बटाटा, बस्स. जमेल तुम्हाला." काकांनी मान डोलावली. आयुष्यात त्यांनी पाणीसुद्धा गरम केलं नव्हतं.

काकांचा भात कधी कच्चा राही, कधी खाली लागे. रोज तेच ते खाऊन काकूंनी तोंड मिटायला सुरुवात केली. त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. ते दारात उभे राहून काकांना म्हणाले, "हलकं आणि मऊ द्या. पण खाणं वाढलं पाहिजे. नाहीतर पुढच्या खेपेला नाकातून नळी घालावी लागेल." दार उघडं होतं. काकूंनी ऐकलं. त्यांनी डाव्या हाताने नाक झाकून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. काका खाटेशी बसले आणि म्हणाले, "नाही घालू देणार मी नळी. मी शिकतो स्वयंपाक. तू बघच."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, आत आले आणि माझं बटण दाबलं.

मी इतका आनंदलो! पडद्यावर ताई होत्या, ओट्यापाशी काका होते आणि खाटेवरून काकू बघत होत्या. पण पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की काकांचं काहीतरी भलतंच चाललं आहे. ताईंनी भांडं चढवलं की काका भांडं चढवायचे. ताईंनी झाकण ठेवून "आता छान वाफ येऊ द्या" म्हणत लगेच झाकण उघडलं, की काकाही लगेच उघडायचे. आणि मधे जाहिराती लागल्या की काका चटकन गॅस बंद करायचे. हात बटणावर ठेवून उभे राहायचे. साबणाची जाहिरात झाली, पंख्याची झाली, ताई परत आल्या, की पुन्हा गॅस पेटवायचे. घड्याळं लावणारा माणूस तो. तिकडचं शिजणं थांबलं तर इकडचंही थांबलं पाहिजे, नाहीतर दोन्ही वेळा जुळणार कशा? कार्यक्रम संपला की पदार्थ झाला, असा त्यांचा हिशेब होता.

काकू खाटेवरून हे बघत होत्या. तिसऱ्या जाहिरातीला काका गॅस बंद करून ताठ उभे राहिले तेव्हा काकूंच्या ओठांचा एक कोपरा वर गेला आणि घशातून खळखळ आवाज आला. आजारपणानंतर त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. काकांना वाटलं, आपलं बरोबर चाललंय म्हणूनच हसली. मग त्यांनी मोठ्या उमेदीने गाजराचा घास भरवला. गाजर दगडासारखं होतं. काकूंनी ते हळूच जिभेने बाहेर काढलं.

असं बरेच दिवस चाललं. काका घड्याळ समोर ठेवून, घाम गाळून, जीव तोडून स्वयंपाक करायचे आणि ताट तसंच परत यायचं. शेवटी लेक सुट्टीला आली आणि तिने दारात उभं राहून हा प्रकार पाहिला.

"बाबा! गॅस का बंद केलात?"

"जाहिरात लागली ना."

लेक हसत सुटली. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली. "अहो बाबा, जाहिरातीत तिकडे काही थांबत नसतं. आणि ते भांडं? ते त्यांनी आधीच शिजवून ओट्याखाली ठेवलेलं असतं. कच्चं दाखवायचं, खाली ठेवायचं आणि शिजलेलं वर काढायचं. सगळ्यांना माहीत आहे हे!"

काका हसले नाहीत. "म्हणजे खोटं?"

"खोटं नाही हो. तेवढा वेळ कुठे असतो त्यांच्याकडे?"

"शिजलेलं नसताना शिजलं म्हणून दाखवतात, म्हणजे खोटंच की," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखादं घड्याळ उघडावं आणि ते आतून रिकामं निघावं. जन्मात त्यांनी एकदाही हाताने काटे फिरवून गिऱ्हाइकाला 'चालू झालं' म्हणून सांगितलं नव्हतं. ते पुढे आले आणि मला बंद केलं. मी पुढचे कितीतरी दिवस आंधळ्यासारखा काळा बसलो होतो. बंद असलो तरी मला ऐकू येतं, मित्रांनो. भांड्यांची आदळआपट ऐकू यायची, आणि मग काकांचं, "खा गं. थोडं तरी खा," ते ऐकू यायचं.

पण नाइलाज होता. शिकवणारं दुसरं होतं कोण? एका दुपारी त्यांनी मला पुन्हा चालू केलं. या वेळी घड्याळ पालथं घालून ठेवलं होतं. डोळ्याला भिंग लावल्यासारखे ते माझ्या अगदी जवळ आले आणि ताईंच्या हातांकडे बघू लागले. पदार्थ ढवळताना चमचा जड होतो का, बुडबुडे कधी मोठे होतात, कडा कधी सुटतात, एवढंच बघायचे. मग ओट्यावर जाऊन तसं होईपर्यंत न कंटाळता उभे राहायचे. कारागीर माणूस होता तो. एकदा कळलं की हात आपोआप शिकले. बटाटा मऊ झाला. अंडं हलकं झालं. एकदा त्यांनी भोपळा दुधात घोटून केला आणि काकूंनी अख्खी वाटी संपवली. काका रिकामी वाटी घेऊन माझ्यासमोर आले आणि मला दाखवली. मला! मित्रांनो, माझं एवढं कौतुक कारखान्यातसुद्धा झालं नव्हतं. त्या दिवसांत काका भांडी घासताना शीळ घालायचे. नळीचं नाव कोणी काढेना.

इथे गोष्ट थांबली असती तर किती बरं झालं असतं.

त्या वाहिनीवर मधूनमधून जुनेच भाग पुन्हा दाखवत. एका दुपारी ताई म्हणाल्या, "आज आपण आजारी माणसांसाठी खास पदार्थ करणार आहोत," आणि मी ओळखलं. हा भाग माझ्यावर आधी लागून गेला होता. ताईंनी भाज्या उकळल्या, त्याचं पाणी पातळ फडक्यातून गाळलं आणि म्हणाल्या, "बघा किती हलकं. अंगात ताकद येते आणि गिळायला काही त्रास नाही." काकांचे डोळे चमकले. हलकं! डॉक्टरांनी सांगितलेला शब्द तोच.

आणि मला आठवलं की त्या वेळी, धडधाकट असताना, काकू या भागावर किती भडकल्या होत्या. शेंगांची परडी बाजूला ठेवून त्या उठून उभ्याच राहिल्या होत्या. "अगं, आजारी माणसाला पाणी पाजतेस? ज्याचं गिळणंच अधू झालंय त्याला पातळ देऊ नये कधी! माझ्या वडिलांना शेवटी असंच झालं होतं. घट्ट दिलं की जायचं, पाणी दिलं की श्वासाच्या वाटेने उतरायचं, ठसका लागायचा, छाती भरायची. मी भात घोटून त्यात मिसळायची, चमचा तिरपा केला तरी सांडू नये इतकं घट्ट. मग एक घास, मग थांबायचं, मग दुसरा." हे सगळं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं होतं. शब्दन्‌ शब्द माझ्याकडे होता. आणि माझ्या तोंडून त्या क्षणी बाहेर पडत होतं ते ताईंचं, "पातळच ठेवा हं, घट्ट करू नका."

मी काय करू? मला स्वतःचा आवाज नाही. तारेतून येतं तेच मी बोलतो. मी जळून जायला तयार होतो, धूर काढायला तयार होतो, पण तेसुद्धा माझ्या हातात नव्हतं.

काकूंनीही तो भाग ओळखला. त्यांनी खाटेवरून जोराने आवाज काढला. डाव्या हाताने खाटेची कड बडवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. काका गाळणं हातात धरून वळले आणि आनंदाने म्हणाले, "आलो, आलो! आज भूक लागलेली दिसते. अगं, तुझ्यासाठीच लागलाय आज कार्यक्रम."

त्यांनी ते इतक्या मायेने केलं. भाज्या तीनतीनदा धुतल्या, पाणी पुन्हा पुन्हा गाळलं, तळ दिसेल इतकं ते नितळ झालं. काकूंना उशीला टेकवून बसवलं, गळ्याशी रुमाल लावला, चमचा फुंकून गार केला. काकूंनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

काकांचा चेहरा उतरला. ते खाटेच्या कडेला बसले. "इतके दिवस खात होतीस," ते म्हणाले. "पुन्हा नको म्हणायला लागलीस तर नळी घालतील गं. एकच चमचा घे. माझ्यासाठी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, मित्रांनो. आपल्या वडिलांचं काय झालं होतं, तेही आठवत असणार. तरी त्यांनी तोंड उघडलं.

पहिला चमचा गेला. काका हसले, म्हणून त्यांनी दुसरा घेतला. तिसऱ्याला ठसका लागला आणि तो थांबेचना. काका पाठ चोळत राहिले, "गरम होतं का? तिखट लागलं का?" म्हणून विचारत राहिले. ठसका शमला, पण श्वासाला घरघर लागली होती. ताप चढला. मग त्यांना दवाखान्यात नेलं आणि काकू त्या खाटेवर पुन्हा आल्या नाहीत.

लेक आली, रडली, काही दिवस राहिली. ती काकांना आपल्याकडे चला म्हणाली, ते नको म्हणाले. जाण्याआधी ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "निदान हा डबा तरी काढून टाकू या, बाबा."

"राहू दे तो," काका म्हणाले. "तो भाग परत लागेल ना. मला बघायचंय, माझं कुठं चुकलं."

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही. छातीत कफ झाला होता. डॉक्टर म्हणाले ना."

"मीठ जास्त झालं असेल. नाहीतर कुठली भाजी नीट धुतली गेली नाही. ताईंसारखं अगदी तसंच झालं असतं तर बाधलं नसतं तिला."

तेव्हापासून दुकान बंद आहे. दुरुस्तीला आलेली घड्याळं लोक परत घेऊन गेले. काका दुपार झाली की काकूंच्या स्टुलावर येऊन बसतात आणि माझ्याकडे बघत राहतात. तो भाग लागला नाही तर आठवून आठवून पुन्हा ते पाणी करतात, गाळतात, चमच्याने चाखतात, मान हलवतात आणि मोरीत ओतून देतात. स्वतः पावाचा तुकडा उभ्याउभ्या खातात. त्यांचे हात आता थरथरतात. माझ्यावर धुळीचा थर बसला आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मी त्यांच्या समोरच असतो. काका, मीठ बरोबर होतं. भाज्या स्वच्छ होत्या. तुम्ही अगदी ताईंसारखंच केलंत, तसूभरही चुकला नाहीत, आणि त्यानेच घात झाला. कसं करायला हवं होतं ते काकूंना माहीत होतं, आणि त्यांनी ते फक्त मला सांगितलं, कारण विचारायला दुसरं कोणी आलं नाही. हे त्यांना सांगता आलं तर ते सुटतील, की उरलेसुरले मोडून पडतील, हेही मला कळत नाही. कळून उपयोग काय? मी काच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की म्हणतात, आम्हाला टाकू नका, आम्हाला पुसून ठेवा. मी तसं मागणार नाही. मला पुसू नका. तुमच्या घरात ज्यांच्या हातचं तुम्ही जेवता, त्यांच्याजवळ आज जाऊन उभे राहा. आई असेल, बाबा असतील, आत्या असेल, कोणीही असेल. त्यांना विचारा, हे असं का करतेस, ते आधी का घातलंस. ते सांगतील, तुम्हाला कंटाळा येईल इतकं सांगतील. ते ऐका. त्यांना माझ्यासारख्यांशी बोलायची वेळ आणू नका, कारण आम्हाला सांगितलेलं कोणाच्याच कामी येत नाही.

आणि कधी या गल्लीत आलात तर कोपऱ्यावरचं शटर खाली ओढलेलं दुकान तुम्हाला दिसेल. मागच्या दाराने आत या, ते उघडंच असतं. काका म्हणतील, "जरा थांबा हं, तो भाग आता लागेलच." तुम्ही थांबू नका. माझं बटण दाबून मला बंद करा. मग त्यांचा हात धरा, त्यांना बाहेर उजेडात न्या, आणि काकू कशा होत्या ते त्यांना विचारा.